तिकीट काढून माहेरी

हात वर गेला, आणि तो आपलाच आहे हे नीवेसच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. सान व्हितालेच्या अंगणात, विटांच्या त्या अवाढव्य अष्टकोनी चर्चसमोर, इटलीच्या दुसऱ्या टोकाहून, तोरिनोहून आलेली तीसेक निवृत्त माणसं अर्धवर्तुळ करून उभी होती. गाइड पोरगी, बेनेदेत्ता तिचं नाव, मिटलेली पिवळी छत्री उंच धरून विचारत होती की राव्हेन्नाला पहिल्यांदाच कोण कोण आलंय. बरेच हात वर झाले. कुणाचे हसत हसत, कुणाचे शाळेतल्यासारखे ताठ. त्यात एक राखाडी स्वेटरची बाही होती आणि मनगटावर अल्दोचं घड्याळ होतं. नवरा गेल्यापासून नीवेस त्याचंच घड्याळ वापरायची आणि ते तिला सैल व्हायचं. ते घसरत कोपराकडे आलं तेव्हा तिला कळलं की हा हात माझा आहे आणि तो चक्क खोटं बोलतोय. कारण नीवेस याच गावात जन्मली होती, लग्न होईपर्यंत याच गावात राहिली होती, आणि समोरच्या चर्चच्या मागच्या भिंतीला टेकून तिने आयुष्यातली पहिली सिगारेट ओढली होती. हात खाली घ्यावा तर आता ते जास्तच दिसेल, म्हणून तिने तो तसाच ठेवला. बेनेदेत्ता सगळ्यांकडे बघून गोड हसली. म्हणाली, "मग तुमचं बरंय. तुम्हाला आज काही आठवायचं नाहीये, नुसतं बघायचंय."

"तू याच रोमान्या प्रांतातली ना गं?" शेजारच्या आदेलाइदेने तिला ढोसलं. आदेलाइदे म्हणजे त्यांच्या मंडळाचा कणा. सहली तीच ठरवायची, बसमध्ये खिडकीची जागा कुणाला ते तीच सांगायची, आणि सगळ्यांच्या गोळ्यांच्या वेळाही तिलाच पाठ.

"रोमान्या काय एवढासा आहे?" नीवेस म्हणाली, आणि गर्दीबरोबर आत शिरली.

आत शिरल्यावर अंधार आला आणि मग त्या अंधारातून हळूहळू सोनं वर यायला लागलं. बेनेदेत्ता भिंतीवर रंगीत काचेच्या तुकड्यांत जडवलेला सम्राट दाखवत होती, सम्राज्ञी दाखवत होती, तिच्या मागच्या बायकांची वस्त्रं दाखवत होती, आणि सगळ्यांच्या माना एकदम मागे पडत होत्या. नीवेसही बघत होती, पण तिचे कान बेनेदेत्ताच्या 'स'कडे लागले होते. या गावचा 'स' जिभेवरून सरळ उतरत नाही, तो जरासा 'श'कडे घसरतो, ओलसर होतो. तोरिनोत पहिली काही वर्षं लोक तिला तो 'स' पुन्हा पुन्हा म्हणायला लावून हसायचे. दाताच्या डॉक्टरकडे ती फोन घ्यायला बसायची तेव्हा पेशंट विचारायचे, तुम्ही कुठल्या हो? मग कधीतरी त्यांनी विचारणं बंद केलं. तो 'स' नेमका केव्हा गेला हे तिला आठवत नव्हतं. दात पडतो तेव्हा निदान कळतं तरी. आणि आता ही पंचविशीतली पोरगी या घुमटाखाली तोच 'स' मोकळेपणी उधळत होती, जणू त्याची काही वाण नाही. नीवेसने ओठ घट्ट मिटून घेतले. इथल्या हवेत तोंड उघडलं तर आपला जुना 'स' आपल्याला न विचारता बाहेर पडेल, अशी तिला विनाकारण भीती वाटली.

खोटं का बोलले, हा प्रश्न ती स्वतःला विचारत होती आणि उत्तराच्या आसपास जाऊन परत फिरत होती. लाज वाटली म्हणावं तर कशाची? सहल तर तिने डोळे उघडे ठेवून निवडली होती. महिन्यापूर्वी आदेलाइदेने फोनवर कार्यक्रम वाचून दाखवला होता. दोन दिवस, कला, खाणंपिणं आणि संस्कृती. पहिला दिवस बोलोन्या, रात्री मुक्काम, दुसऱ्या दिवशी राव्हेन्ना. नीवेस नाही म्हणायच्या तयारीत होती, गुडघ्याचं कारणही जिभेवर होतं. तेवढ्यात आदेलाइदे म्हणाली की दुपारचं जेवण ओरियानोकडे, जुन्या सायकलच्या दुकानात छान खानावळ काढलीय म्हणे कुणीतरी. कुणीतरी! ते सायकलचं दुकान नीवेसच्या वडिलांचं, आणि ओरियानो तिचा थोरला भाऊ. त्याने खानावळ काढल्याचं तिला उडत उडत कळलं होतं, एका मावसबहिणीच्या नाताळच्या कार्डातून. पण ते असं, आदेलाइदेच्या तोंडून, ऑलिव्हच्या तेलाच्या भावाइतक्या सहज आवाजात ऐकणं वेगळं होतं. आदेलाइदेने विचारलं की ऐकतेयस ना, तुझं नाव घालू ना? घाल, नीवेस म्हणाली.

चर्चच्या मागे गवतात ती विटांची छोटी इमारत होती. गाल्ला प्लाचीदिया या जुन्या रोमन राणीची समाधी. बाहेरून बघाल तर कुणाचं तरी जुनं भांडारघर वाटेल. आत जागा थोडी, म्हणून बेनेदेत्ताने माणसांचे दोन गट केले आणि एकेका गटाला पाच मिनिटं दिली. पहिला गट बाहेर आला तेव्हा माणसं बोलत नव्हती. आदेलाइदेने नुसती नीवेसची बाही धरली आणि सोडली. नीवेसचा गट दाराकडे सरकला. दार बुटकं होतं, आतून गार, दगडी वास येत होता. शाळेत असताना ती इथे आली होती एवढंच तिला आठवत होतं, काय बघितलं ते नाही. आत जाऊन जर काहीच आठवलं नाही तर? किंवा सगळंच आठवलं तर, या लोकांच्या देखत? ती बाजूला झाली. मागच्या माणसाला म्हणाली की तुम्ही व्हा पुढे, मला जरा घुसमटल्यासारखं होतंय. मग गवतात बसून ती आपल्या बुटांकडे बघत राहिली. चांगले बूट होते. सहलीसाठी मुद्दाम घेतलेले, पर्यटकांचे.

पुढे गावातून चालताना तिला सगळ्यात त्रास झाला तो सायकलींचा. घंटी वाजवत नव्हत्या, नुसत्या मागून येऊन बाजूने निघून जात होत्या, म्हाताऱ्या बायका पिशव्या लटकवून, पाठ ताठ ठेवून. तोरिनोची माणसं दचकत होती, एकमेकांना खेचत होती. नीवेसचं अंग मात्र आपोआप उजवीकडे होत होतं, सायकल यायच्या आधीच. अंगाला कुणी सांगितलं नव्हतं की आज आपण पहिल्यांदा आलोय. एका कोपऱ्यावर तव्यावरच्या पियादीनाचा वास आला, मैद्याच्या जाड पोळीचा, खालून किंचित करपलेल्या, आणि त्या वासाबरोबर आईचा हात. चेहरा नाही, नुसता हात. उलथण्याशिवाय, बोटांनीच तव्यावरची पोळी उलटणारा. आई मेली तेव्हाही नीवेसला आधी हातच दिसले होते, दवाखान्याच्या चादरीवर ठेवलेले, इतके स्वच्छ की ते तिचे वाटत नव्हते.

सांत अपोल्लिनारे चर्चच्या लांबलचक भिंतीवर बेनेदेत्ताने एक राजवाडा दाखवला. खांबांच्या मधे पडदे होते, पांढरे, गाठ मारलेले. बेनेदेत्ता म्हणाली की आधी इथं माणसं होती, गॉथ राजाच्या दरबारातली. नवे राज्यकर्ते आले, त्यांना ती नकोशी होती, म्हणून त्यांनी तेवढे तुकडे उपसून काढले आणि तिथे पडदे बसवले. पण घाई झाली की कंटाळा आला देव जाणे, खांबावर आलेले हात राहूनच गेले. सगळे शोधायला लागले. तो बघा एक. तो दुसरा. पांढऱ्या खांबावर नुसता पंजा, मनगटापर्यंत, मागे माणूस नाही. लोक हसले. आदेलाइदे म्हणाली की आमच्या जिन्याचा रंग काढणारापण असाच होता. नीवेस हसली नाही. तिला आपल्या घरातली भिंत आठवली, वडिलांच्या दुकानामागची, जिथे दोघा बहीणभावांची उंची पेन्सिलीने लिहिलेली असायची. ओरियानोने दुकानाची खानावळ केली म्हणजे भिंत रंगवलीच असणार. कुणीही रंगवली असती. तिथे मी नव्हते, ती मनात म्हणाली, आणि लगेच तिला वाटलं की हे वाक्य मी फार वर्षं म्हणत आलेय, आधी जरा अभिमानाने आणि मग तक्रारीसारखं.

झालं होतं एवढंच. आई आजारी पडली तेव्हा नीवेस यायची, वर्षातून दोनदा, नंतर तीनदा. अल्दोची नोकरी, डॉक्टरकडच्या रजा, पाच-सहा तासांचा प्रवास. यायची ती तोरिनोहून चांगल्या चॉकलेटचे डबे घेऊन यायची, आईचे केस विंचरायची, समुद्रावर फिरून यायची, इथलं जेवण किती चविष्ट म्हणायची आणि जायची. ओरियानो आणि त्याची बायको लोरेत्ता रात्री उठून आईची कूस बदलायचे. हे तिला माहीत होतं, म्हणजे कानांना माहीत होतं. आईला पुरल्यावर सगळे घरी आले आणि नीवेस कॉफी करायला उठली. कप कुठे असतात ते तिला सापडेना. तिने एक कपाट उघडलं, दुसरं उघडलं, आणि शेवटी विचारलं. ओरियानो टेबलाशी कोट न काढता बसला होता. तो आवाज न चढवता म्हणाला, "तू इथं सहलीला आल्यासारखी येतेस, नीवेस. कप तिसऱ्या कपाटात आहेत. आईनं चार वर्षांपूर्वी हलवले." आणि तिने, डोळे रडून सुजलेले असताना, तितक्याच शांतपणे म्हटलं होतं की मग पुढच्या वेळी तिकीट काढून येईन. तिला वाटलं होतं तो उठेल. त्याला वाटलं असेल ती बसेल. या गोष्टीला आता दहा-अकरा वर्षं झाली. दोघांनीही काही वाईट केलं नव्हतं, नंतरच्या एकाही दिवशी काही केलं नव्हतं, आणि त्या न करण्याचाच एवढा ढीग झाला होता.

खानावळीच्या दारावर पाटी होती, आणि आत गेल्यावर तिला पहिल्यांदा हायसं वाटलं, कारण काहीच ओळखीचं नव्हतं. भिंती पांढऱ्या, टेबलं लाकडी, एका खुंटीवर शोभेसाठी एक चाक. मंडळासाठी लांब टेबल मांडलं होतं. तिने भिंतीकडे तोंड येईल अशी खुर्ची घेतली. वाईन आली, लाल, पाव आला, आणि मग लोरेत्ता आली. केस अगदी आखूड आणि पांढरे, पण चालणं तेच, टाचा आपटत. तीन तीन बशा हातावर घेऊन ती टेबलाच्या एका टोकाकडून वाढत येत होती, आणि नीवेस आपल्या रुमालाची घडी उलगडून पुन्हा घालत होती. लोरेत्ताने आदेलाइदेसमोर बशी ठेवली. पुढची नीवेससमोर ठेवताना हात मधेच थांबला. वर बघायला हवं होतं. नीवेसने वर बघितलं. लोरेत्ताच्या चेहऱ्यावर काहीच झालं नाही, फक्त तिने बशी ठेवली आणि ती जरा स्वतःकडे ओढून, कड पुसून, परत पुढे सरकवली. "गरम आहे," ती म्हणाली. मग टाचा आपटत स्वयंपाकघरात गेली.

काप्पेल्लेत्ती होत्या, कोंबडीच्या रश्श्यात. चीज भरलेल्या, टोपीच्या आकाराच्या, पास्त्याच्या इवल्या इवल्या घड्या. नीवेसने चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले, कारण आता आई येणार हे तिला ठाऊक होतं, त्यासाठीच ती एवढ्या लांब आली होती की काय असंही तिला वाटलं. आई आली नाही. चव चांगली होती, पण परकी होती. सारणात लिंबाच्या सालीचा वास होता, जायफळ कमी होतं. तिला आधी राग आला. हे काय केलंय याने? आईच्या हातचं एवढं एकच तर उरलं होतं. मग तिने दुसरा चमचा घेतला, तिसरा घेतला. लिंबाच्या सालीने चीजचा जडपणा उचलला जात होता, रस्सा खाली राहत होता आणि वास वर. ती सावकाश खात राहिली आणि तिच्या ध्यानात आलं की एक माणूस इथं वर्षानुवर्षं रोज सकाळी उठून हे करतोय, चाखतोय, बदलतोय, आणि ही चव त्याची आहे. ओरियानोची. भावाच्या हातचं ती आयुष्यात पहिल्यांदा खात होती. मग सकाळी वर गेलेला हात अगदीच काही खोटं बोलला नव्हता.

बेनेदेत्ताने सांगितलं होतं की जेवण झालं की मालक स्वतः बाहेर येऊन दोन शब्द बोलतात, मजेशीर माणूस आहे. मालक आले नाहीत. लोरेत्ता येऊन म्हणाली की आज त्यांना जरा गडबड आहे, माफ करा. लोकांनी आत ऐकू जातील अशा टाळ्या वाजवल्या. नीवेस उठली. हात धुवून येते, असं आदेलाइदेला म्हणाली, आणि हात धुवायच्या जागेवरून पुढे जाऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

तो पाठमोरा होता. रश्श्याच्या मोठ्या पातेल्यासमोर, गॅस बंद असताना, हातात पळी धरून नुसता उभा. पाठ रुंद झाली होती, डोक्यावर चकाकणारं टक्कल, आणि मानेवर आडवी वळी पडली होती, वडिलांसारखी. लोरेत्ता भांडी घासायच्या जागी होती, तिने नळ बंद केला.

"मीठ बरोबर आहे का?" त्याने विचारलं. मागे वळला नाही.

"मीठ बरोबर आहे. लिंबाचा वास येतो."

"साल किसून घालतो."

"आई नव्हती घालत."

"आई नव्हतीच घालत," तो म्हणाला. "मी घालतो."

नीवेसने दाराच्या चौकटीला हात लावला. चौकट तीच होती, दुकानाची, तेलाच्या हातांनी गुळगुळीत झालेली, तिच्यावर फक्त नवा रंग होता. "चांगलं लागतं," ती म्हणाली. "आईच्यापेक्षा चांगलं लागतं." आणि हे खरं आहे हे तिला म्हणून झाल्यावर कळलं, आणि ते म्हटल्याने आईचं काही बिघडलं नाही हेही.

तो वळला. त्याचे डोळे वाफेने लाल झाले असतील, नसतीलही. "म्हणजे शेवटी तिकीट काढून आलीस," तो म्हणाला.

"हो. जेवणासकट."

"वाईन वेगळी पडते," लोरेत्ता म्हणाली, आणि तिघांमधून आधी तीच हसली. मग एप्रन तोंडाला लावून स्टुलावर बसली.

नंतर जे बोलणं झालं ते तुटक तुटक झालं. बाहेर कॉफी न्यायची होती, म्हणून लोरेत्ता ये-जा करत होती आणि वाक्यं अर्धी सोडून जात होती. तिच्याकडूनच नीवेसला कळलं की अल्दो गेल्याची बातमी त्यांना उशिरा लागली होती, तरी ओरियानो गाडी काढून निघाला होता. पिआचेन्झापर्यंत गेला. तिथे रस्त्याकडेच्या उपाहारगृहात थांबला, सँडविच मागवलं, घड्याळ बघितलं, आणि आता पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असेल म्हणून परत फिरला. ओरियानो म्हणाला की सँडविच भिकार होतं. नीवेसला ते डोळ्यांसमोर दिसलं. एक जाडा माणूस काळा कोट घालून, निम्म्या वाटेवर, हातात सँडविच. तिला हसूही येईना आणि रडूही येईना. तिने एवढंच म्हटलं की तू आला असतास तरी मी तुला कप कुठे आहेत ते सांगितलं नसतं. त्यावर तो इतका जोरात हसला की बाहेर टेबलावरची माणसं क्षणभर गप्प झाली.

आदेलाइदे दारात उभी होती, बहुधा बराच वेळ. "हा माझा भाऊ," नीवेस म्हणाली. "मी इथलीच आहे."

आदेलाइदेने दोघांची नाकं ताडून पाहिली. पटल्यासारखी मान हलवली. "सकाळी सांगितलं असतंस," ती म्हणाली, "तर गाइडचे पैसे वाचले असते." मग तिने जाहीर केलं की बस पाचला सुटेल, एका माणसासाठी थांबणार नाही, आणि लगेच हळू आवाजात नीवेसला सांगितलं की पाच म्हणजे सव्वापाच. जाता जाता ओरियानोला तिने रश्श्याची कृती विचारली. त्याने सांगितली नाही.

आवराआवर झाल्यावर ओरियानोने विचारलं की मग तुम्हाला काय काय दाखवलं आमच्या गावात. 'आमच्या' या शब्दाशी तो जरासा अडखळला, पण त्याने तो बदलला नाही, आणि नीवेसलाही तो टोचला नाही. तिने सांगितलं. सम्राट, सम्राज्ञीच्या कानांतले मोती, खांबांवरचे ते हात. तो एखाद्या परगावची हकिकत ऐकावी तसा ऐकत होता. मग म्हणाला की मी शाळेनंतर त्यातलं एकही बघितलेलं नाही. शाळेत असताना नेलं होतं, तेव्हा पुढच्या बाकावरच्या मुलीची वेणी बघत होतो. पुढे कधी तरी जाऊ, ते कुठं पळून जातंय, असं म्हणता म्हणता राहिलं. गिऱ्हाइकं येऊन सांगतात की काय ते सौंदर्य, आणि आपण म्हणतो, हो ना.

"एक माझंही राहिलंय," नीवेस म्हणाली.

सायकल घेतल्याशिवाय त्याला चालता येत नव्हतं, म्हणून ती हातात धरून तो तिच्याबरोबर निघाला. चाकाची टिकटिक दोघांच्या मधून चालली. तो कुणाकुणाला मान हलवत होता आणि ती ज्या त्या घराकडे बघून इथं अमुक राहायचे ना म्हणत होती, आणि तो हो म्हणत होता किंवा मेले म्हणत होता. समाधीच्या दाराशी जो माणूस उभा होता तो ओरियानोकडे जेवायला येणाऱ्यांपैकी निघाला. त्याने भुवया वर केल्या. "तू इथं? रस्ता चुकलास?" ओरियानोने अंगठ्याने बहिणीकडे खूण केली. "पाहुणी आलीय. तिला दाखवायचंय." दुपार कलली होती, रांग नव्हती. दारावरच्या माणसाने घड्याळाकडे बघितल्यासारखं केलं आणि बघितलं नाही.

वाकून आत जावं लागलं. प्रथम काहीच नव्हतं, नुसता गारवा आणि ओरियानोच्या श्वासाचा आवाज. खिडक्यांना काचेऐवजी पातळ कापलेला दगड होता, आणि त्यातून आत येणारा उजेड मधासारखा दाट होऊन येत होता. मग निळं दिसायला लागलं. रंग दिला आहे असं ते निळं नव्हतं, खोली म्हणजेच ते निळं होतं, आणि त्यात चांदण्या, वर्तुळामागे वर्तुळ, डोक्यावर, मागे, जिकडे मान वळवावी तिकडे. दोन हरणं पाण्यावर आली होती. एका वाटीच्या कडेवर कबुतरं बसली होती, एक पीत होतं, दुसरं मागे वळून बघत होतं. नीवेसला काही आठवलं नाही. शाळा नाही, बाई नाही, कुणाचा हात नाही. सकाळी तिला ज्याची भीती वाटली होती तेच नेमकं झालं आणि त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. ती नुसती बघत होती. शेजारी ओरियानो मान मागे टाकून उभा होता, तोंड किंचित उघडं, हात पाठीमागे एकमेकांत अडकवलेले, आणि त्याच्या कपड्यांना रश्श्याचा वास येत होता.

"हे इथंच होतं?" बऱ्याच वेळाने तो म्हणाला. मग आणखी बऱ्याच वेळाने, "आईनं हे कधी बघितलं होतं का गं?"

"मला वाटलं तुला माहीत असेल."

"मला काय माहीत," तो म्हणाला. "मी तिला जेवायला घालत होतो, गोळ्या देत होतो. असलं कधी विचारलंच नाही."

नीवेसने इतकी वर्षं मनात धरलं होतं की जो राहिला त्याच्याकडे सगळं आहे. आईचे शेवटचे शब्द, आईच्या खोड्या, कुठली वस्तू कुठल्या कपाटात, सगळं त्याच्याजवळ जमा आहे आणि आपण मोकळ्या हातांनी बाहेर पडलो आहोत. आणि हा इथे, त्या निळ्या उजेडात, तिच्याइतकाच अडाणी उभा होता. तिच्या छातीतलं काहीतरी, ज्याची इतकी सवय झाली होती की ते दुखतं असं तिला वाटतच नव्हतं, सैल झालं. तिने त्याच्या दंडात हात घातला. त्याने दंड जरा जवळ ओढून घेतला, एवढंच. दारावरच्या माणसाने एकदा खोकून पाहिलं, पण तो आत आला नाही.

बस नदीच्या बाजूच्या मैदानात उभी होती, इंजिन सुरू होतं. आदेलाइदे पायरीवर उभी राहून डोकी मोजत होती, आणि नीवेस दिसल्यावर तिने मुद्दाम दुसरीकडे बघितलं. लोरेत्ताने कागदात बांधून पियादीना दिल्या होत्या, तेवढ्या वाटेत पुरल्या असत्या सगळ्या बसला. ओरियानोने सायकल मांडीला टेकवून उभी केली आणि दोन्ही हात मोकळे असूनही त्यांचं काय करावं हे त्याला कळेना, म्हणून त्याने बहिणीच्या स्वेटरची कॉलर नीट केली. तिनेही त्याच्या बाहीवरचं पीठ झटकलं, जे तिथे नव्हतं. बसच्या खिडक्यांतून लोक बघत होते, हे दोघांनाही कळत होतं.

"सोमवारी आमचं बंद असतं," तो म्हणाला.

"मग?"

"मग लोरेत्ता म्हणत होती. एखादा सोमवार धरून, रविवारी रात्रीच निघायचं." तो बसच्या चाकाकडे बघत होता, टायरमधली हवा तपासत असल्यासारखा. "तोरिनोत बघण्यासारखं काय असतं?"

नीवेसने तोंड उघडलं. ती तिथे जवळजवळ चाळीस वर्षं राहत होती. तिला आपल्या जिन्याच्या पायऱ्या आठवल्या, डॉक्टरच्या दवाखान्यातला फोन, अल्दो जिथून पेपर आणायचा तो कोपरा, सकाळच्या थंडीत दूरवर दिसणारे बर्फाचे डोंगर. राजवाडा होता, त्याच्यासमोरून ट्राम जायची. संग्रहालयं होती, त्यांच्या बाहेरच्या रांगा तिने ट्रामच्या खिडकीतून पाहिल्या होत्या. आत काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं.

"माहीत नाही," ती म्हणाली, आणि तो 'स' नसलेला शब्दसुद्धा तिच्या तोंडून इथल्यासारखाच ओला बाहेर पडला. "मी काही बघितलंच नाही अजून. तुम्ही या. मग बघू."